टाकीवरचं झाकण

भिवंडीतल्या दवाखान्यात नंबर काही पुढे सरकत नव्हता. बाकावर प्रितमशेठ कपाळ दाबून बसले होते, त्यांच्यापलीकडे त्यांची बायको. बोटींचे कारागीर एजाजभाई शेठना शोधत तिथेच येऊन टेकले.

"डोकं पेट्रोलच्या वासानं दुखतंय, शेठ. डॉक्टर काय करणार? तुमच्या बोटीत टाकी गळतेय."

"टाकी नवी हाय, एजाजभाई. मीच बसवलीय."

"मग तिच्या तोंडावरची नळी सैल असंल. झाकण उघडून बघा ना."

"कुठलं झाकण?"

"टाकीच्या वर, डेकला. बोललो होतो ना, ठेवा म्हणून?"

"ते दिसायला बरं न्हाय वाटत. टाकी आत ठेवली आन् वरून फायबर मारून बंद केली. एकदम गुळगुळीत."

"या अल्लाह! आता डेक कापावा लागंल."

"कापू नका हो. वर हिचं नाव रंगवलंय. करिष्मा."

"बरोबर टाकीवरच?"

"तिथंच जागा सपाट होती."

"मग 'क' तेवढा वाचंल."

"रविवारी हिला पहिल्यांदा खाडीत फिरवायचंय. सासरे पण येणार हायत."

"सासरे बिडी ओढतात?"

"ओढतात."

"मग रविवार शेवटचाच समजा."

"अहो, पण नाव..."

"कापा हो भाई, एकदाचं. माझंच नाव हाय ना? कापा."

"अगं करिष्मा..."

"एक झाकण मी घरी सांभाळतेच हाय, भाई. बोटीला तेवढं कामाचं बसवा."