चांदवडच्या बसचं उदाहरण

१९९८ साली नाशिकच्या स्टँडवर चांदवडच्या बससाठी थांबलो होतो. पुढे बी.एस्सी.च्या दोन मुली.

"भाग्यश्री, प्रोबॅबिलिटीच्या तासाला सरांनी हर्षालीचं काय कौतुक केलं गं!"

"कसलं कौतुक? कितीही वेळ थांबलं तरी बसला अजून तेवढाच वेळ लागणार, एवढंच तर म्हणाली."

"उदाहरण भारी होतं पण."

"माझं होतं ते! इथंच वैतागून बोलले होते मी. तिनं नुसतं सूत्र लावलं."

"मग तू का नाही लावलंस?"

"मला काय माहीत, ते गणित आहे म्हणून?"

"चल, बस आली! ती बघ हर्षाली, खिडकीतून रुमाल टाकून तुझीपण जागा धरतेय."

"रुमाल टाकायलासुद्धा मीच शिकवलंय तिला."