बारावी खुर्ची

१९९८ सालचा पवित्र गुरुवार. शरणपूर रोडच्या स्टॉपवर माझ्या मागे एक वयस्क जोडपं घरी जायच्या बसची वाट बघत होतं. येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून संध्याकाळी चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुणार होते. त्या बारांत या नवऱ्याचं नाव होतं.

"सांगितलं ना, मी बसणार नाही, एस्तेर. फादरांनी मला शेवटची खुर्ची दिलीय."

"मग काय झालं?"

"बारावी खुर्ची यहूदाची, येशूला धरून देणाऱ्याची. सगळं चर्च बघणार, सामसन सर यहूदाच्या जागेवर."

"अहो, खुर्चीवर नाव लिहिलेलं नसतं."

"लोकांच्या डोक्यात असतं. हेडमास्तर होतो मी."

"मग पहाटेपासून टाचा कशाला घासत होता?"

"फादरांना काय भेगा दाखवायच्या?"

"घासूनपुसून नेलेल्या पायांना फादर तरी कशाला हवेत? असू दे. सकाळी चर्चमधल्या तालमीला मी सांगून टाकलं, हे बसत नाहीत म्हणून. दाभाडे म्हणाले, मी बसतो बारावीवर."

"पहिल्या बाकासाठी कमिटीत भांडतो, तो दाभाडे?"

"तेच. फादर म्हणाले, याला म्हणतात नम्रता."

"सगळ्यांसमोर?"

"माइकवरून."

बस आली. ते दोघं चढले नाहीत.

"एस्तेर, रिक्षा थांबव."

"कुठे निघालात?"

"चर्चमध्ये. दाभाडे यायच्या आत बारावी खुर्ची धरली पाहिजे."