मी अजून ओव्हर म्हटलेलं नाही

मास्तर: मग काय करायला हवं होतं मी? तुझं नाव परीक्षेला पाठवलं असतं, तर हौशी रेडिओवाल्यांच्या अख्ख्या क्लबात हसं झालं असतं माझं.

बायको: हसं कसलं? इतके दिवस तुमच्याच वर्गात मागच्या बाकावर बसतेय. हजेरी तुम्हीच घेता. 'हजर' म्हटलं की मान वर न करता पुढचं नाव घेता. आणि काल फळ्यावर परीक्षेची नावं लावलीत, तर माझंच...

मास्तर: मला वाटलं, चार दिवसांचं खूळ असेल. रेडिओच्या लायसन्सचा वर्ग म्हणजे काय विणकामाचा...

बायको: मी अजून ओव्हर म्हटलेलं नाही.

मास्तर: काय?

बायको: बोलणं संपलं की 'ओव्हर' म्हणायचं. तोवर समोरच्यानं तोंड उघडायचं नाही. पहिल्याच तासाला शिकवलंत. लग्न झाल्यापासून माझं एक वाक्य तुम्ही पुरं होऊ दिलेलं नाही. हां, आता ओव्हर.

मास्तर: ते हवेवरचे नियम आहेत. स्वयंपाकघरातले नाहीत.

बायको: मग हवेवरचंच विचारा. पुस्तक मिटलेलं आहे.

मास्तर: अगं, उगाच कशाला... बरं. दिवसा कुठला बँड कशाला?

बायको: चाळीस मीटर लांबीच्या लहरींचा आसपासच्या गावांसाठी. वीसचा समुद्रापलीकडे. दोन मीटरचा गावातल्या गावात, तोही मध्ये टेकडी आडवी आली नाही तर. घरातल्या घरात बोलायला कुठला बँड, तेवढं शिकवायचं राहिलं तुमचं.

मास्तर: जीभ चांगलीच चालायला लागली आहे.

बायको: आधीही चालत होती. तुमच्या कानाला हेडफोन असायचा.

मास्तर: हे बघ, तू नापास झालीस तर लोक म्हणतील, मास्तरांना घरचं माणूस शिकवता आलं नाही.

बायको: आणि पास झाले तर काय म्हणतील?

मास्तर: माझा चष्मा कुठं ठेवलास? वर्गाला जायचंय.

बायको: तिथंच दुखतंय तुमचं. बरं, एक सांगा. हवेवर माझा विषय निघाला की मला काय म्हणता?

मास्तर: एक्सवायएल. सगळेच आपल्या बायकोला तसं म्हणतात.

बायको: तुमच्या त्या बेकरीवाल्या विद्यार्थ्यानं अर्थ सांगितला. माजी तरुणी! इतकी वर्षं भिंतीआडून ऐकत होते. वाटायचं, काहीतरी मानाचं असणार. आणि जिच्याकडे लायसन्स असतं ती ऐंशीची झाली तरी वायएल. तरुणीच. म्हणजे लायसन्स नाही म्हणून मी माजी!

मास्तर: गंमत असते गं ती.

बायको: तुमच्या गमती मला फार महागात पडल्या आहेत.

(दारावर काठीची टकटक.)

मित्र: आत येऊ का? मास्तर, चल, वर्गाला उशीर होतोय. नमस्कार वहिनी. का हो, वातावरण तापलेलं दिसतंय.

मास्तर: तूच समजाव हिला. लायसन्स हवंय म्हणे. मी म्हटलं, हौस असेल तर माझ्या शेजारी बस, माझ्या कॉल साइनवर दोन शब्द बोल, बटण मी दाबतो.

मित्र: मग वहिनी, त्यात वाईट काय?

बायको: बटण यांनी दाबायचं आणि आवाज मी काढायचा? मी काय ग्रामोफोन आहे, भावोजी? मला माझी कॉल साइन हवी, हवेवरचं माझं स्वतःचं नाव. उद्या परीक्षा आहे आणि मी बसणार आहे.

मास्तर: कशी बसणार? नाव मी पाठवलेलंच नाही.

बायको: मी पाठवलं. उमेदवार परस्पर कार्यालयात जाऊन नाव देऊ शकतो, क्लबाची शिफारस लागत नाही. तुम्हीच शिकवलंत. आज सकाळी भाजी आणायला म्हणून गेले होते ना, ती तिथं.

मास्तर: आणि भाजी?

बायको: नाही आणली.

मित्र: वाहवा! पण वहिनी, याच्याशी भांडून, चोरून, इतकं कशासाठी? रागावू नका, नुसतं विचारतो.

बायको: तुमच्यासाठीच, भावोजी.

मित्र: माझ्यासाठी?

बायको: बसा आधी. तुम्ही टेकडीवर अँटेना दुरुस्त करायला गेलात आणि खांबावरून पडलात, तो दिवस. हे परगावी होते. सेट चालूच राहिला होता. मी खोलीत केर काढत होते आणि तुमचा आवाज आला. 'कोणी ऐकतंय का? पाय हलत नाही, कोणी ऐकतंय का?'

मास्तर: हे तू मला कधी...

बायको: ओव्हर म्हटलं का मी? यांना फोन लावला, लागला नाही. रस्त्यावर जाऊन दोघातिघांना सांगितलं, पण कुठली टेकडी ते मला कुठं माहीत होतं! ते विचारायला माईक हातात घेतला. बटणही दाबलं. आणि तोंडातून शब्द निघेना. कारण नवी नवरी असताना पुसता पुसता माझा हात सेटला लागला, तेव्हा हे म्हणाले होते, लायसन्स नसताना हे बटण दाबून बोललीस तर पोलीस थेट घरी येतील. डोळे वटारून म्हणाले होते. मी ते खरं धरलं. बटण सोडलं.

मित्र: म्हणजे... ते तुम्ही होता?

बायको: काय मी होते?

मित्र: हँडसेटची खरखर मध्येच एकदम थांबली होती. कुणीतरी बटण दाबलंय आणि बोलत नाहीये, असं होतं तेव्हा. मला कळलं, कुणीतरी आहे. त्याच्या जोरावर बॅटरी संपेपर्यंत हाका मारत राहिलो. शेवटी गुराख्याला ऐकू आलं ते माझं ओरडणं. या मास्तरला शंभरदा सांगितलं मी. म्हणाला, बॅटरी उतरत आली म्हणून झालं असेल.

मास्तर: मला काय ठाऊक... अगं, मी गमतीनं म्हटलं होतं ते पोलिसांचं.

बायको: गेल्या आठवड्यात वर्गात प्रश्न घेतलात. कुणाचा जीव धोक्यात असेल, तर लायसन्स नसलेला माणूस मदतीसाठी रेडिओवर बोलू शकतो का? सगळ्या वर्गानं 'हो' लिहिलं. तुम्ही म्हणालात, सोपा प्रश्न आहे, फुकटचा मार्क आहे. मी मागच्या बाकावर पेन खाली ठेवलं. भावोजींची काठी दारात वाजली की ते सोडलेलं बटण आठवतं मला, आणि तो तुमचा फुकटचा मार्क!

मित्र: वहिनी, काठीचं सोडा. ती खरखर थांबली नसती, तर मी गप्प पडून राहिलो असतो. मास्तर, तू मात्र आता खाली बघू नकोस. तिचं नाव कसं गाळलंस रे?

मास्तर: चुकलं. नाव गाळलं ते चुकलं, आणि पोलिसांची भीती घातली ते त्याहून. पण पास झाली, तर सेट एकच आहे घरात.

बायको: पाळी लावू. सकाळ माझी.

मास्तर: सकाळी आमचं मंडळ असतं हवेवर! इतकी वर्षं त्याच जागी भेटतोय. ती फ्रिक्वेन्सी आमची आहे.

बायको: फ्रिक्वेन्सी कुणाच्या मालकीची नसते. कुणी शिकवलं?

मित्र: याच्याच तोंडून ऐकलंय मी. वर्गात टेबलावर हात आपटून सांगतो.

मास्तर: तू कुणाच्या बाजूनं आहेस?

मित्र: ज्यानं बटण दाबलं त्याच्या.

मास्तर: बरं बाई. मग माझ्या मंडळींशी बोलायचं असेल तर मी काय करायचं?

बायको: वर्गात सांगता तेच. आधी ऐकायचं. मग विचारायचं. उत्तर येईपर्यंत थांबायचं.

मास्तर: आता, इथं विचारू?

बायको: विचारा की. भावोजी साक्षीला आहेत.

मास्तर: ही... ही फ्रिक्वेन्सी मोकळी आहे का?

बायको: नाही. मी बोलतेय.