मार्थामावशीच्या दोन खुर्च्या

लढाईच्या दिवसांत मी वर्षभर डबा कॅमेरा घेऊन उत्तनच्या कोळीवाडाभर फिरलो, त्यातलं हे एक ऐका. मार्थामावशी फोटोसाठी अंगणात दोन खुर्च्या मांडून एकीवर बसली.

"दुसरी कोणाला गं?"

"म्हाताऱ्याला. दर्यात हाय तो. आला का काढ त्याचा."

मी तिचा एकटीचा फोटो काढला. म्हातारा परतल्यावर मी दोघांना बसवायला लागलो, तर मावशी म्हणाली, "माझा काढलास ना? मग उगा फिलम कशाला वाया?"

म्हातारा दुसऱ्या खुर्चीवर एकटाच बसला. दोन्ही फोटोंत एकेक खुर्ची रिकामी! फोटो द्यायची मला लाज वाटत होती.

मावशीनं कातरीनं दोन्ही रिकाम्या खुर्च्या कापल्या आणि दोघांना शेजारी चिकटवून भिंतीवर लावलं.

म्हातारा म्हणाला, "आता मी दर्यात गेलो तरी घरातच हाय."