वैशालीची मुलाखत आणि सटर काउंटी

आमच्या वैशालीला दुबईत नोकरी कशी लागली, ऐका. कस्टमर सर्व्हिसची जागा होती. मुलाखत घेणारा अमेरिकन म्हणाला, "एवढी वर्षं घरी होतात? सॉरी."

वैशालीने उठता उठता विचारलं, "सर, अमेरिकेत कुठले तुम्ही?"

"सटर काउंटी. तुम्हाला माहीत नसणार."

"कॅलिफोर्नियातली ना? दोन नद्या, सपाट रानात मधेच डोंगर, पीचच्या बागा, आणि शेतकरी पंजाबी! इथे दुबईत अल कुसैसला आमच्या शेजारी परमजीत राहते, तिचा भाऊ तिथेच असतो."

साहेब खुलला. "अहो, माझे शेजारीही पंजाबीच! बसा, बसा."

मग गप्पा थांबेचनात. शेवटी तोच म्हणाला, "कस्टमरला असं बोलतं करणारं माणूस मला हवंय. शनिवारपासून याल?"

वैशाली म्हणाली, "शनिवार कशाला? उद्याच येते!"