कॉम्प्युटरने दाखवलेला डाग

हॉस्पिटलमध्ये तपासणीच्या खोलीबाहेर बसलेल्या एका शिक्षकांच्या कानावर शेजारच्या नवरा-बायकोचं बोलणं पडत होतं. नवऱ्याच्या मांडीवर संमतीचा कागद होता.

“म्हणे प्रोस्टेटमध्ये डाग आहे! कॉम्प्युटरने स्कॅनवर वर्तुळ काढलं की लागले सगळे नाचायला.”

“डॉक्टरांनी पुन्हा पाहिलं. त्यांनाही दिसला.”

“बोट दाखवल्यावर कुणालाही दिसतं.”

“म्हणून तर सुईने तुकडा काढून बघायचं. कॅन्सर नसेल तर सुटलात.”

“त्या डबड्याला काय कळतंय?”

“तीस वर्षं गिरणीत कापड तपासलंत. विणणाऱ्याच्या नजरेतून सुटलेल्या दोषावर तुम्ही खडूने खूण करायचात. ‘याला काय कळतंय’ असं तो म्हणाला असता तर?”

“बोलायची छाती होती कुणाची? भिंगाखाली धरून दाखवायचो.”

“मग?”

“कापडाला दुखत नाही.”

“अगं बाई! म्हणजे भांडण कॉम्प्युटरशी नाहीच, सुईशी आहे. एवढे मोठे साहेब!”

“हळू बोल. लोक ऐकतायत.”

“ऐकू देत. सही करा, नाहीतर लेकीला फोन लावते.”

“तिला कशाला? करतो. पण पेन कुठंय माझ्याकडे?”

शिक्षकांनी खिशातलं पेन काढून, टोपण उघडून, त्यांच्यापुढे धरलं.