अर्धलीचे जिताडे

एकजात नर हो! तळ्यात सोडलेला एकूण एक जिताडा नर! आता तुम्ही म्हणाल, शेठ, तुमच्या घरात अंडं चालत नाही, तुम्हाला माशाचे नर-मादी कशाला? बरोबर आहे, पण तुम्हाला सांगतो, समुद्राकडचा एक बीजवाला भेटला, म्हणाला, 'गोड्या पाण्यातही झकास वाढतो, शेठ!' अन् मी घाटनांदूरजवळचं तळं ठेक्यानं घेऊन पिल्लं सोडूनही मोकळा! राखायला धुळाजी. दर दिवाळीला बायको मनकर्णा अन् पोरगी आरोहीला घेऊन ऊसतोडीला जाणारा माणूस. त्याला म्हणालो, कोयता ठेव, शेळ्या देतात तसे हे मासे अर्धलीनं घे. म्हणजे कसं, मूळ जित्राब माझं, राखण तुझी, अन् जी नवी पैदास होईल तिच्यात निम्मी तुझी. थांबला बिचारा, आरोहीला शाळेत घातलं. उपकारच म्हणायचे!

पण पैदास कुठाय? दोन वर्षं गेली, तिसरं लागलं... धुळाजी मासा धरतो, पोट दाबतो, 'शेठ, ह्यो गडीच हाय.' दुसरा? 'ह्योबी गडीच!' अरे, तळं आहे का तालीम? लावला बीजवाल्याला फोन, 'कावून बे, माद्या घरी ठेवून घेतल्यास का?' तर हसून म्हणतो, 'अहो शेठ, जिताडा आधी नरच असतो. चांगला मोठा झाला की त्याची मादी होते. धीर धरा!'

आता सांगा, बोकडाची शेळी होईल म्हणून कुणी वाट बघितलीय?

धुळाजीनं बघितली! ऊसतोडीचा मुकादम दारात येऊन बसायचा, 'चल बे, मासे काय तुला पोसणार हायत?' हा ढिम्म. एका उन्हाळ्यात तळ्याचं डबकं झालं, तर नवरा-बायकोनं लांबच्या विहिरीवरून पाईपाला पाईप जोडत पाणी आणलं अन् मासे जगवले... अन् मी दुकानात पंख्याखाली! उपकारच की हो!

अन् यंदा, सहाव्या वर्षी, एक धूड मेलं, धुळाजीनं चिरलं, अन् बोंबललाच, 'शेठ, पोटात अंड्याची पिशवी हाय! बाकीची धुडंबी तसलीच दिसत्यात!' मग काय, मनकर्णानं खण-नारळानं तळ्याची ओटी भरली, पाण्यात हिरव्या बांगड्या सोडल्या, अन् माझी बायको सत्यशीला, वासानं नाकाला पदर लावणारी बाई, तीसुद्धा पेढे घेऊन हजर! मी परत फोन लावला, 'माद्या झाल्या, पिल्लं कधी?' तर म्हणतो, 'छे हो, पिल्लं खाऱ्या पाण्यातच व्हायची, खाडीच्या तोंडाशी!' अरे मग आधी सांगायला काय झालं होतं? 'तुम्ही वाढीचं विचारलंत शेठ, पैदाशीचं कुठे विचारलंत?'

बीड जिल्ह्यात खाडी आणू कुठून? पैदास नाही म्हणजे वाटा नाही, वाटा नाही म्हणजे आरोहीची शाळा सुटली अन् हातात पुन्हा कोयता. गेलो तळ्यावर, कसंबसं सांगितलं. धुळाजीनं शांतपणे तंबाखू मळली.

'शेठ, तुमी पाण्यात सोडलं काय व्हतं? नर का माद्या?'

'नर.'

'मग ह्या माद्या कुनाच्या राखणीत झाल्या?'

'...तुझ्या.'

'म्हंजे तुमी सोडल्या न्हाईत, अन् तळ्यात तर हायत. मग ही नवी पैदासच झाली की! निम्म्या आमच्या.'

तुम्हाला सांगतो, जन्मभर तराजू धरला, भल्याभल्यांना बोलण्यात हरवलं, पण इथं काटा त्याच्याच बाजूला झुकला! अन् खरं सांगू? लई हायसं वाटलं. निम्म्या दिल्या. त्यानं मला सोडवलं, उपकारच म्हणायचे!

घरी येऊन सांगितलं तर सत्यशीलानं कपाळाला हात लावला. 'बरं झालं बाई, पिल्लं झाली न्हाईत! न्हाईतर जन्मली की निम्मी त्याची, अन् तुमच्या वाट्याची मोठी होऊन माद्या झाली की त्यातली परत निम्मी त्याची! शेवटाला तुमच्याकडं नुस्तं तळं राहिलं असतं.'

अन् तळं तर काय हो... सरकारचं!